जीप अंगणात, मालक आखातात

म्हसळा, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या बाजूच्या मोहल्ल्यांतून फिरताना निळ्या ताडपत्रीखाली झाकलेली एखादी गाडी अंगणात हमखास दिसते. कुठे बोलेरो, कुठे थार, कुठे जुनी जिप्सी, तर कुठे दादाजानच्या काळातली महिंद्राची जीप. मालक कुवेत, दुबई किंवा दोहाला असतो. दीड-दोन महिन्यांच्या रजेत तो गाडी चालवतो. उरलेले वर्षभर आठवड्यातून एकदा ती सुरू करून ठेवण्याचे काम धाकट्या भावाकडे किंवा भाच्याकडे असते. लाल मातीचा चढ, पावसात खचलेला रस्ता, वाडीपर्यंत जाणारी दगडधोंड्यांची वाट आणि रात्रीबेरात्री तालुक्याच्या दवाखान्यात न्यावा लागणारा आजारी माणूस, या सगळ्याला हीच गाडी उपयोगी पडते. (बोलेरोच्या सगळ्याच मॉडेलांत चारही चाकांना जोर नसतो, पण काम ती त्याच जातीचे करते, म्हणून तिलाही आम्ही यात धरले आहे.)

पण जी गाडी कुठल्याही वाटेने जाते ती कुठल्याही वाटेने नेताही येते. शिवाय या गाड्यांचे सुटे भाग मजबूत असतात, वर्षानुवर्षे एकाच धर्तीचे राहतात आणि खेड्यापाड्यात त्यांना गिऱ्हाईक मिळते. अख्खी गाडी विकता आली नाही तरी इंजिन, गिअरबॉक्स, चाके आणि दरवाजे वेगवेगळे विकले जातात.

आमच्या घरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. व्याज टाळायचे म्हणून पुष्कळ कुटुंबे कर्ज न काढता, सात-आठ वर्षांच्या कमाईतून रोखीने गाडी घेतात. आणि विम्याबद्दल मनात शंका असल्याने कायद्याने सक्तीचा असलेला तेवढाच, म्हणजे थर्ड पार्टी विमा उतरवतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार तो चुकवता येत नाही. पण हा विमा आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर आहे. आपली गाडी चोरीला गेली तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही. बऱ्याच घरांत ‘विमा आहे ना?’ या प्रश्नाला ‘आहे’ असे उत्तर मिळते, पण पॉलिसीचा कागद काढून कोणी पाहिलेला नसतो. तो आधी पाहावा.

सर्वसमावेशक विमा घ्यावा की नाही, याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. काहींच्या मते त्यात गरर आणि सूद दोन्ही येतात, तर काहींनी आजच्या परिस्थितीत गरज म्हणून मुभा दिली आहे. आखातात आपल्या लोकांना मोटारीसाठी तकाफुल मिळते, येथे ती सोय सहज हाती लागत नाही. आम्ही फतवा देणारे नव्हे, ज्याने त्याने आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. पण ज्याने विमा न घेण्याचे ठरवले त्याच्यासाठी कुलूप हाच विमा आहे, एवढे आम्ही नक्की म्हणू. त्याची गाडी इतरांच्या गाडीपेक्षा दुप्पट बंदोबस्तात असली पाहिजे. प्रत्यक्षात नेमके उलटे दिसते. उंट बांधावा की मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवावा, असे विचारणाऱ्याला आधी बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितल्याची तिर्मिजीतील हदीस प्रत्येक मदरशातल्या मुलाला ठाऊक असते. बांधणे हा तवक्कुलचाच भाग आहे.

आता जीप बांधायची कशी, ते पाहू. जुनी जीप असेल तर ती जवळजवळ मोकळीच आहे असे समजा. दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या लष्करी जीपवरून हा सगळा वंश निघाला, तिच्यातल्या बहुतेकींना किल्लीच नव्हती. खटका फिरवला की इंजिन चालू, कारण लढाईत किल्ली हरवून चालत नाही. पुढे किल्ली आली, पण जुन्या नागरी जीपांतही स्टिअरिंगला कुलूप नाही, बॉनेटच्या कड्या बाहेरच्या बाहेर उघडतात, हूड कॅनव्हासचा आणि दाराच्या जागी पडदा. पंचवीस-तीस वर्षे वापरून इग्निशनचे कुलूप इतके झिजलेले असते की दुसऱ्याच गाडीची किल्ली त्यात फिरते. पहिला खर्च हा झिजलेला बॅरल बदलण्याचा करावा.

यावर बरेच जण म्हणतात, ‘आम्ही बॅटरीची वायर काढून ठेवतो, गाडी सुरूच होणार नाही.’ पेट्रोलच्या गाडीबाबत हे खरे आहे. जुन्या डिझेल जीपबाबत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेतच डिझेल पेटते, आणि जुन्या इंजिनाचा पंप विजेवर नव्हे तर इंजिनाच्याच फिरण्यावर चालतो. म्हणून तर ते बंद करायला किल्ली फिरवून भागत नाही, दांडी ओढावी लागते. अशी गाडी उतारावर सोडली आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की बॅटरीशिवाय सुरू होते. आणि कोकणात उतार कुठल्या अंगणापुढे नाही?

त्यामुळे जुन्या डिझेल गाडीला अडवायचे तर डिझेलच अडवावे लागते. टाकीपासून पंपाकडे जाणाऱ्या पाईपवर, सीटखाली किंवा हात पोहोचेल पण नजर पोहोचणार नाही अशा जागी, पितळी कॉक बसवून घ्यावा. खर्च मोठा नाही. पण काम डिझेल पंपाच्या जाणत्या फिटरकडूनच करून घ्यावे, कारण जोड सैल राहिला तर पाईपमध्ये हवा ओढली जाते आणि मग मालकालाच रस्त्यात थांबून हवा काढत बसावे लागते. सायलेन्सरच्या जवळ हा कॉक नको. इंजिन बंद केल्यावर कॉक बंद करायचा आणि सुरू करण्याआधी आठवणीने उघडायचा. चोराने गाडी सुरू केलीच तर फिल्टरमधले डिझेल संपेपर्यंत ती थोडे अंतर जाते आणि बंद पडते. पाईपमध्ये हवा शिरलेली असल्याने ती पुन्हा सहज सुरू होत नाही. भर रस्त्यात बॉनेट उघडून हवा काढत बसायची चोराची तयारी नसते.

फोर-बाय-फोर गाडीला आणखी एक सोय निसर्गतःच मिळालेली आहे, ती म्हणजे दुसरा दांडा. थारसारख्या गाड्यांत टू-हाय, फोर-हाय आणि फोर-लो यांच्याबरोबर मध्ये न्यूट्रलची जागा असते. तिथे दांडा ठेवला तर इंजिन चालू होते, गिअर पडतो, पण चाकांपर्यंत जोर पोहोचत नाही आणि गाडी जागची हलत नाही. ज्याला ही यंत्रणा ठाऊक नाही तो गोंधळून जातो. ज्याला ठाऊक आहे तो गोंधळणार नाही, म्हणून गिअरचा दांडा आणि हा दांडा दोन्ही एका जाड साखळीत अडकवून कुलूप लावावे. मात्र एक धोका नीट लक्षात घ्या. दुसरा दांडा न्यूट्रलमध्ये असताना गाडी गिअरमध्ये टाकलेली असली तरी तिला आधार मिळत नाही. सगळा भार हॅन्डब्रेकवर येतो, आणि जुन्या गाड्यांचे हॅन्डब्रेक कसे असतात ते आपण जाणतो. अंगण उताराचे असेल तर चाकाखाली लाकडी ओंडका लावल्याशिवाय हा उपाय करू नये. अंगणात लहान मुले खेळत असतील तर हा उपाय सोडून द्यावा आणि फक्त गिअर लॉक लावावे.

गिअर लॉक, स्टिअरिंगला आडवा लावायचा लोखंडी दांडा, क्लच-ब्रेकच्या पेडलला लावायचे कुलूप, चाकाचा शिकंजा यांतले काहीही ग्राइंडरने कापता येते, हे खरे. पण ग्राइंडर आवाज करतो, ठिणग्या उडवतो आणि वेळ घेतो. चोराला अंधार, शांतता आणि पाच मिनिटे हवी असतात. कंपनीच्या कुलपाशिवाय आणखी दोन वेगळ्या प्रकारची कुलपे दिसली तर तो बहुधा पुढच्या गाडीकडे वळतो. दिसणारे एक आणि न दिसणारे एक, असा जोड आम्हाला सर्वांत पसंत आहे.

स्टेपनी मागच्या दारावर बाहेर टांगलेली असते आणि तिचे बोल्ट साध्या पान्याने निघतात. खास किल्लीने उघडणारा एक लॉक-नट प्रत्येक चाकाला आणि एक स्टेपनीला बसवला की हा प्रश्न मिटतो. कॅनव्हासच्या हूडखाली मात्र काहीच सुरक्षित नाही. हर्णे-मुरुडच्या किनाऱ्यावर हूड काढून गाडी उभी करणाऱ्यांनी सीटवर पिशवी ठेवू नये. दहा रुपयांच्या वस्तूसाठी दहा हजारांचा हूड फाडला जातो.

नव्या गाड्यांचे दुखणे निराळे. त्यांच्या किल्लीत चिप असते आणि ती ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. ही मोठी सुधारणा आहे, पण चोरही शिकले. स्टिअरिंगखाली एक छोटे सॉकेट असते, त्याला ओबीडी म्हणतात. सर्व्हिस सेंटरवाला त्यालाच यंत्र जोडून दोष शोधतो आणि नवी किल्लीही त्याच वाटेने गाडीला ओळखीची करून दिली जाते. काच फोडून किंवा दार उघडून आत शिरलेला चोर असेच यंत्र जोडून स्वतःची कोरी किल्ली गाडीला शिकवतो. या सॉकेटवर बसणारे लोखंडी कुलूप मिळते, ते लावून घ्यावे.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत आणखी एक फट आहे. किल्ली जवळ आहे की नाही हे गाडी रेडिओच्या लहरींनी विचारते आणि किल्ली उत्तर देते. दोघे चोर दोन यंत्रे घेऊन येतात. एक घराच्या दाराशी उभा राहतो, दुसरा गाडीशी, आणि घरातल्या किल्लीचा निरोप ते गाडीपर्यंत पोहोचवतात. किल्ली दिवाणखान्यातल्या हुकाला टांगलेली असते आणि गाडी समजते की मालक आला. उपाय सोपा आहे. किल्ली पत्र्याच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. डबा चालतो की नाही हे तपासायला किल्ली आत ठेवून तो गाडीच्या दाराजवळ न्यावा आणि दार उघडून पाहावे. उघडले तर दुसरा डबा शोधावा. खास या कामासाठी विकल्या जाणाऱ्या पाकिटांनाही हीच परीक्षा लावावी, कारण घड्या पडून ती काही महिन्यांत निकामी होतात.

पेट्रोल पंपाच्या वायरमध्ये छुपा खटका बसवणे हा जिप्सीसारख्या गाडीसाठी उत्तम उपाय आहे. नव्या गाडीत मात्र वायर कापण्यापूर्वी वॉरंटीचे काय होईल ते विचारून घ्यावे. आणि खटका असा हवा की धावत्या गाडीत पायाचा धक्का लागून तो बंद होणार नाही.

जीपीएसबद्दल लोकांचा विश्वास जरा जास्तच आहे. ते चोरी थांबवत नाही, चोरी झाल्यावर गाडी कुठे आहे ते सांगते, तेही सिमचे पैसे भरलेले असतील आणि चोराने लहरी अडवणारे यंत्र वापरले नसेल तर. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत आणखी अडचण येते. बॅटरी उतरू नये म्हणून आपण वायर काढतो आणि जीपीएस आपल्या छोट्या बॅटरीवर काही दिवस तग धरून गप्प होते. भोंगाही गप्प होतो. म्हणून एक तर गाडी दर आठवड्याला खरोखर अर्धा तास चालवावी, नाहीतर स्वतःच्या मोठ्या बॅटरीवर चालणारे जीपीएस घ्यावे. आणि त्याचा इशारा दोह्यातल्या मालकाबरोबर गावातल्या भावाच्या फोनवरही यायला हवा. दोह्यातून माणूस फार तर ओरडू शकतो. गाडीचे ठिकाण कळले तर मुलांनी स्वतः पाठलाग करू नये, ११२ वर फोन करून पोलिसांना ते ठिकाण द्यावे.

किल्ल्यांचा हिशेब घरातल्या एका माणसाकडे असावा, आणि आमच्या मते तो घरातल्या बाईकडे असलेला बरा. भाचा, मेहुणा, शेजारचा ड्रायव्हर, गॅरेज असा प्रवास करून आलेल्या किल्लीच्या किती नकला झाल्या, कोण सांगणार? गॅरेजला इग्निशनची किल्ली द्यावी, गिअर लॉकची देऊ नये. चिपची किल्ली हरवली तर नवी करून घेताना जुनीची ओळख गाडीतून पुसून घ्यावी.

मस्जिदीपुढचा प्रश्न खास आपला आहे. आपली गाडी कधी आणि किती वेळ बेवारस उभी राहणार, हे जमातीच्या वेळांच्या फलकावर लिहिलेले असते. जुम्याला खुतबा आणि नमाज मिळून पाऊण तास, रमजानमध्ये तरावीहला तास-सव्वा तास. त्या वेळी फोन बंद असतो, मालक सफमध्ये उभा असतो आणि तो मध्येच उठून येणार नाही, हे चोरालाही माहीत असते. ईदगाहवर तर सगळा मोहल्लाच रिकामा होतो. जमातीच्या तरुणांनी पाळी लावून गाड्यांवर लक्ष ठेवावे. ज्याची पाळी असेल त्याने जवळच्या दुसऱ्या मस्जिदीतली उशिराची जमात धरावी, म्हणजे त्याचाही जुमा चुकत नाही. गाडी लावताना तिचे तोंड भिंतीकडे असावे आणि मागे दुसरी गाडी यावी, अशी रचना मस्जिद कमिटीला विनाखर्च करता येते.

आता कागदपत्रे. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर प्रत्यक्ष कुठे कोरले आहेत ते मालकाला दाखवता आले पाहिजे. बऱ्याच जणांना ते आरसी बुकातच माहीत असतात. नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून ठसा घ्यावा, फोटो काढावा आणि दोन्ही गाडीबाहेर ठेवावे. सीटच्या लोखंडी सांगाड्यात, दाराच्या अस्तरामागे नावाची चिठ्ठी किंवा पंचची खूण करून ठेवावी. चोरलेल्या जीपचा रंग आणि नंबर बदलतो, पण दाराच्या अस्तरामागे कोणी पाहत नाही. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावून घ्यायची राहिली असेल तर लावून घ्यावी. तिचे लॉक एकदा निघाले की पुन्हा बसत नाही. आरटीओतल्या नोंदीत आणि फास्टॅगला भारतात चालू असलेला मोबाईल नंबर जोडावा. चोरीनंतर टोलचे पैसे कापल्याचा मेसेज आला तर गाडी कुठल्या नाक्यावरून गेली ते कळते. म्हणून पोलिसांना विचारल्याशिवाय फास्टॅग घाईने बंद करू नये.

गाडी गेलीच तर मालक परदेशात आहे म्हणून थांबायचे कारण नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणीही देऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. ‘आधी आपण शोधू, मग बघू’ असे घरातले वडीलधारे म्हणतात, ते या बाबतीत ऐकू नये. चोरीच्या गाडीतून कोणी काही गुन्हा केला, कोणाला उडवले, तर पोलीस पहिल्यांदा आरसी बुकातल्या नावाच्या घरी येतात. मुलगा कुवेतला आणि दारात पोलीस, अशा वेळी म्हाताऱ्या आई-अब्बांच्या हातात त्याच दिवशीची एफआयआरची प्रत असणे आणि नसणे यात फार मोठा फरक आहे. गाडीच्या किमतीपेक्षाही या गोष्टीसाठी आम्ही घाई करायला सांगतो.

सर्वसमावेशक विमा असेल तर कंपनीलाही त्याच दिवशी कळवावे. पोलिसांना ताबडतोब कळवले पण कंपनीला कळवायला उशीर झाला, एवढ्याच कारणावरून खरा दावा नाकारता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी जानेवारी २०२० मध्ये दिला आहे. पण त्या निर्णयापर्यंत जायची वेळ कशाला आणावी? कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक किल्ली गावात आणि दुसरी दुबईतल्या बॅगेत असेल तर दावा तिथेच अडकतो. मालक येऊ शकत नसेल तर भारतीय वकिलातीतून मुखत्यारपत्र पाठवावे लागते. आणि पैसे नव्या गाडीचे मिळत नाहीत, पॉलिसीवर लिहिलेल्या घोषित मूल्याचे मिळतात. बारा लाखांची गाडी तिसऱ्या वर्षात असेल तर तीस टक्के घट धरून ते ८ लाख ४० हजार होते.

राहिली गोष्ट जुनी जीप विकत घेणाऱ्यांची. चोरीच्या जीपला गिऱ्हाईक आपल्यातूनच मिळते. अपघातात भंगार झालेल्या गाडीचे कागद विकत घेऊन तिचा नंबर चोरीच्या गाडीवर कोरायचा, ही जुनी युक्ती आहे. स्वस्त मिळाली म्हणून घेतली आणि चोरीची आहे असे ठाऊक होते किंवा तसे मानायला जागा होती, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही गुन्हेगार ठरतो, आणि हरामचा माल घरात येतो तो वेगळाच. सौदा करण्याआधी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन समन्वय सेवेवर गाडी चोरीची नोंदलेली आहे का ते पाहावे. मग दिवसाउजेडी, फिटरला बरोबर घेऊन, सांगाड्यावरचा चेसिस नंबर आरसी बुकाशी अक्षरागणिक ताडून पाहावा. आकड्यांभोवती ग्राइंडर फिरल्याच्या खुणा, ताजा रंग किंवा वेल्डिंगचा पट्टा दिसला, अथवा विकणारा ‘नंबर गंजला आहे, दिसत नाही’ असे सांगू लागला, तर बयाणा न देता परत यावे.